आशेचा नांगर

मराठीत आपण माणसाची वाट पाहतो. शब्द नीट ऐकला तर त्यात माणूस नाहीच. नजर आहे ती वाटेवर, ज्या रस्त्याने तो येईल त्या रस्त्यावर. ख्रिस्ती माणसं अशी एक वाट जवळजवळ दोन हजार वर्षं पाहत आली आहेत. येशू ख्रिस्त पुन्हा येईल हे त्यांच्या श्रद्धेतलं कडेचं कलम नव्हे. इ. स. ३२५ मध्ये नायसियात आणि ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये भरलेल्या धर्मसभांनी श्रद्धेची जी कबुली शब्दबद्ध केली, तिच्यात जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला तो येणार आहे, असं स्वच्छ म्हटलं आहे. ती कबुली अनेक मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, आजही उपासनेत म्हटली जाते.

बाहेरच्याला साहजिकच प्रश्न पडतो: इतकी शतकं जो आला नाही, त्याची वाट अजून कसली पाहायची? खरं सांगायचं तर आतल्यालाही तो पडतो, फक्त तो चारचौघांत विचारत नाही. या लेखात मी दोन गोष्टी उलगडून पाहणार आहे. ख्रिस्ती माणूस 'आशा' म्हणतो तेव्हा त्याला नेमकं काय म्हणायचं असतं, आणि इतकी लांबलेली वाट पाहताना तग धरणं म्हणजे काय करणं.

आपल्या भाषेत आशेचं नाव तसं फारसं चांगलं नाही. आशाळभूत, वेडी आशा, आशा सुटता सुटत नाही. एक जुनं संस्कृत सुभाषित तर आशेला अजब बेडी म्हणतं: जो हिने बांधला जातो तो धावत सुटतो आणि जो सुटतो तो पांगळ्यासारखा बसून राहतो. ग्रीकांचंही तसंच. बायबलच्या ख्रिस्ती भागात, म्हणजे नव्या करारात, आशेसाठी 'एल्पिस' हा शब्द येतो. पॅन्डोराच्या पुराणकथेत रांजणातून सगळी संकटं बाहेर पडली आणि आत उरली ती हीच एल्पिस. ती वरदान म्हणून उरली की शेवटचं संकट म्हणून, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. म्हणजे पहिल्या ख्रिस्ती लेखकांनी जो शब्द उचलला तो काही उजळ शब्द नव्हता. उजळला तो त्यांनी त्याखाली घातलेल्या पायामुळे.

रोजच्या बोलण्यात आशा पुढे पाहते. 'पाऊस पडेल अशी आशा आहे' म्हणजे पडेल की नाही ठाऊक नाही, पडला तर बरं. ख्रिस्ती आशेचा पाया मात्र मागे आहे, घडून गेलेल्या एका गोष्टीत: येशूचं पुनरुत्थान, म्हणजे मेल्यानंतर पुन्हा उठणं. ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीला लिहिताना पौल, पहिल्या पिढीतला ख्रिस्ती प्रचारक, हे लपवत नाही. ख्रिस्त उठवला गेला नसेल तर तुमचा विश्वास फोल आहे, असं तो सरळ लिहितो. आणि उठवला गेला असेल तर ते 'प्रथमफळ' आहे. हा शब्द शेतातून आला आहे. हंगामाची पहिली पेंढी हातात आली की उरलेलं पीक शेतात उभं असतं. ते अजून घरात आलेलं नसतं, पण त्याबद्दल 'येईल का' असं कुणी विचारत नाही.

दुसरा शब्द बाजारातला. ग्रीकमध्ये 'अराबोन', मराठी बायबलमध्ये 'विसार', आणि व्यवहारात आपण ज्याला इसार म्हणतो तोच. सौदा ठरला, पूर्ण रक्कम अजून दिलेली नाही, पण इसार हातात पडला आहे. देवाचा आत्मा हा येणाऱ्या वतनाचा विसार आहे, असं पौल लिहितो. इसार घेतलेला माणूस उरलेल्या रकमेची वाट पाहतो, पण ती भिकाऱ्याची वाट नसते. ज्याच्याकडून यायची त्याने अंग आधीच गुंतवलेलं असतं.

विसाव्या शतकात ऑस्कर कुलमान या अभ्यासकाने हेच युद्धाच्या भाषेत समजावलं. ६ जून १९४४ ला दोस्त राष्ट्रांचं सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं. युरोपातलं युद्ध संपलं ते ८ मे १९४५ ला. निर्णायक लढाई आधीच जिंकलेली असते आणि तरी युद्ध चालू राहतं. मधल्या अकरा महिन्यांत माणसं मरत होती, शहरं जळत होती. ख्रिस्ती माणूस स्वतःला अशा मधल्या काळात उभा समजतो. उपमा मला पटते, पण एक पुस्ती जोडावीशी वाटते. त्या मधल्या काळात ज्याचा मुलगा गेला, त्याला 'निर्णायक लढाई जिंकली आहे' हे सांगून फार काही हाती लागत नाही. याकडे पुढे येतो.

आधी एक गैरसमज बाजूला करू. उशीर झाला हे ख्रिस्ती लोकांना बऱ्याच उशिरा कळलं आणि मग त्यांनी सारवासारव केली, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. थेस्सलनीकाकरांना पौलाने लिहिलेलं पहिलं पत्र हे नव्या करारातल्या सर्वांत जुन्या लिखाणांपैकी. ते साधारण इ. स. ५० ते ५१ चं. पौल तेव्हा करिंथमध्ये होता आणि तिथे त्याला गल्लियो या रोमन सुभेदारापुढे उभं केलं गेलं. या गल्लियोचं नाव असलेला शिलालेख डेल्फीत सापडला, त्यावरून तो काळ बराच नेमका ठरवता येतो. म्हणजे येशूच्या मृत्यूला जेमतेम वीस वर्षं झाली होती.

थेस्सलनीका सोडून पौलाला रातोरात निघावं लागलं होतं. मागे राहिलेल्या कोवळ्या मंडळीची काळजी वाटून त्याने आपला सहकारी तीमथ्य याला पाठवलं. तीमथ्य परतला त्यानंतरचं हे पत्र, आणि त्यात पौल एका दुःखाला हात घालतो: आमच्यातली काही माणसं तो यायच्या आधीच वारली, त्यांचं काय? हा उशिराचाच प्रश्न आहे, आणि तो पहिल्याच पिढीत, पहिल्याच मयताबरोबर आला. पौल सांगतो की मेलेले मागे राहणार नाहीत, उलट ते आधी उठतील. आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, असं तो म्हणतो. शोकच करू नका, असं म्हणत नाही. हा फरक अंत्यविधीच्या प्रवचनांत पुष्कळदा हरवतो.

याच पत्रातला 'पारूसिया' हा शब्द समजला की अर्ध्याहून जास्त गोंधळ मिटतो. त्याचा साधा अर्थ येणं, उपस्थिती. पण राजा किंवा सम्राट एखाद्या शहराला भेट देई, त्या आगमनालाही हाच शब्द वापरत. तशा वेळी नागरिक वेशीबाहेर जाऊन पाहुण्याला सामोरे जात आणि त्याला वाजतगाजत आत आणत. या सामोरं जाण्याला जो शब्द आहे, तोच पौल 'प्रभूला सामोरे जाऊ' असं लिहिताना वापरतो. येशूने सांगितलेल्या दहा कुमारींच्या दाखल्यात, म्हणजे बोधकथेत, वराला सामोरं जाण्यासाठी तोच. पौल रोमजवळ पोचला तेव्हा तिथले बंधू त्याला भेटायला पुढे आले आणि त्याच्याबरोबर शहराकडे वळले, तिथेही तोच. म्हणून अनेक अभ्यासक म्हणतात की हे चित्र पृथ्वी सोडून पळून जाण्याचं नाही, येणाऱ्याला घरी घेऊन येण्याचं आहे. सगळे हे मानत नाहीत. १८३० च्या दशकापासून जॉन नेल्सन डार्बी यांच्या शिकवणुकीतून विश्वासणाऱ्यांना आधी गुपचूप वर उचललं जाईल हे मत पसरलं, आणि ते आज अनेक मंडळ्यांत घट्ट रुजलेलं आहे. मला पहिला अर्थ जास्त पटतो. कारण ज्या घरात पाहुणा यायचा आहे ते घर झाडायचं असतं, आणि जे घर सोडूनच जायचं आहे त्याची डागडुजी कोण करत बसतो?

येशूचं हजार वर्षांचं राज्य त्याच्या येण्याआधी की नंतर, की ते एक रूपक आहे, यावर प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायावरून तीन मोठे पक्ष पडले आहेत. त्यात शिरलं तर हा लेख संपणार नाही, आणि आशा समजायला त्याची गरजही नाही.

तारखांबद्दल मात्र बोललं पाहिजे. त्या दिवसाविषयी कुणालाही ठाऊक नाही, देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही, हे येशूचं वाक्य मार्काच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रग्रंथात, आहे. एवढं वाचूनही माणसं पाटी-पेन्सिल घेऊन बसतात. अमेरिकेतल्या विल्यम मिलर या बॅप्टिस्ट शेतकऱ्याने दानिएलाच्या पुस्तकातल्या २३०० दिवसांची वर्षं धरून हिशेब मांडला. त्याच्या चळवळीत शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख पक्की झाली. हजारो लोक त्या रात्री जागले. काहींनी पीक कापलंच नव्हतं. सूर्य नेहमीसारखा उगवला. इतिहासात त्या दिवसाचं नाव 'महान निराशा' असंच पडलं आहे. कित्येकांनी श्रद्धा सोडली. जे उरले त्यांच्यातल्या एका गटाने बायबल पुन्हा उघडलं, आणि त्यातून पुढे १८६३ मध्ये सेव्हंथ-डे अॅडव्हेंटिस्ट मंडळीची रीतसर स्थापना झाली. आपल्या काळात हॅरल्ड कॅम्पिंग या रेडिओ-उपदेशकाने २१ मे २०११ जाहीर केला, मग २१ ऑक्टोबर. पुढल्या वर्षी त्याने चूक कबूल केली.

हसणं सोपं आहे. पण तारीख का हवीशी वाटते? तारीख मिळाली की वाट पाहणं संपतं आणि दिवस मोजणं सुरू होतं. मोजायला धीर लागत नाही, बोटं पुरतात. मुदत कळलेला कैदी आणि मुदत न कळलेला कैदी यांच्यात जो फरक, तो इथे आहे. तारीख काढणाऱ्यांची आशा फार मोठी असते असं आपल्याला वाटतं. मला ती कमी पडलेली दिसते.

पौलाचं उलट झालं. थेस्सलनीकाकरांना लिहिताना तो 'जिवंत उरलेले आपण' असं लिहितो, म्हणजे आपल्या हयातीतच हे घडेल असं त्याला वाटत असावं. पुढे फिलिप्पैकरांना तुरुंगातून लिहिताना तो आधी मरण येण्याची शक्यता शांतपणे तोलतो. अंदाज बदलला, आशा जागेवर राहिली. कारण ती अंदाजावर टेकलेलीच नव्हती.

आता तग धरण्याकडे. नव्या करारातला शब्द 'हुपोमोने'. त्याची फोड 'खाली' आणि 'राहणं' अशी होते. ओझ्याखाली पाय रोवून राहणं. मराठी बायबल त्याला धीर म्हणतं, आणि मराठीत धीर हा फार हालचालीचा शब्द आहे: तो धरतात, देतात, खचतो, सुटतो, एकवटतो. मुकाट सोसण्याशी त्याचा संबंध थोडा. रोमकरांना पौल एक साखळी लिहून देतो: संकटातून धीर, धीरातून कसाला उतरलेलं शील, शीलातून आशा. गंमत पाहा, आशा शेवटी आली आहे. आपल्याला वाटतं आशा असेल तर धीर धरता येतो. पौल म्हणतो, धीर धरता धरता आशा तयार होते. हे वर्तुळ आहे आणि त्यात कुठूनही शिरता येतं. ज्याच्याकडे आज आशा उरलेली नाही, तो नुसता उभा राहिला तरी तो वर्तुळाच्या आत आहे.

इब्री लोकांस पत्रात आशेला जिवाचा नांगर म्हटलं आहे. रोमच्या भूमिगत दफनभुयारांत ख्रिस्ती थडग्यांवर नांगराची चित्रं कोरलेली सापडतात. जहाजाचा नांगर कामाला लागतो तेव्हा तो दिसत नाही. दिसतो तो ताणलेला दोर. वारं थांबत नाही, लाटा थांबत नाहीत, जहाज हेलकावे खातच असतं, फक्त वाहून जात नाही. त्या पत्रात हा नांगर समुद्राच्या तळाला रुतलेला नाही. तो पडद्याच्या आत, देवाच्या सान्निध्यात जाऊन रुतला आहे, जिथे येशू आधीच पोचला आहे.

मराठीत मात्र नांगर दोन. एक जहाज धरून ठेवतो, दुसरा जमीन उलटी करतो. ग्रीकमध्ये हे शब्द वेगळे आहेत, त्यामुळे हा योग आपल्या भाषेचा, पत्रलेखकाचा नव्हे. पण तो मला सोडवत नाही, कारण दुसरा नांगर नव्या करारात वेगळ्या वाटेने येतोच. याकोबाच्या पत्रात प्रभूच्या येण्याची वाट कशी पाहावी याचं उदाहरण म्हणून शेतकरी उभा केला आहे. तो आगोटीच्या आणि वळवाच्या पावसाची वाट पाहतो. त्या प्रदेशात पहिला पाऊस साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडतो, त्याने जमीन भिजते आणि पेरणी होते. शेवटचा मार्च-एप्रिलच्या सुमारास, त्याने दाणा भरतो. पाऊस शेतकऱ्याच्या हातात नसतो, पण शेतकरी ओट्यावर बसूनही नसतो.

बसणारे त्याही काळी होते. थेस्सलनीकाकरांच्या दुसऱ्या पत्रात कामधंदा सोडून दुसऱ्यांच्या उठाठेवी करणाऱ्यांची चांगलीच कानउघाडणी आहे: ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये. प्रभू येणारच म्हणून हे लोक बसले होते की आणखी कशाने, हे पत्रात सांगितलेलं नाही. पण उपाय स्पष्ट आहे. शांतपणे काम करा, आपली भाकर आपण मिळवा, आणि चांगलं करताना खचू नका.

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय म्हणजे वाट कशी पाहावी याची तीन चित्रं. पहिल्यात दिवे घेऊन वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारी, पाच शहाण्या आणि पाच मूर्ख. यात एक तपशील सहज निसटतो: वराला उशीर झाला तेव्हा शहाण्या पाचही झोपल्या. फरक जागं राहण्यात नव्हताच, फरक होता दिव्यांसाठी जास्तीच्या आणलेल्या तेलात. रात्र लांबू शकते हे धरून चालण्यात. डोळे ताणून सतत टक लावणं माणसाला जमत नाही आणि दाखला ते मागतही नाही. दुसरं चित्र मालकाने सोपवून दिलेल्या पैशाचं. ज्याने भीतीपोटी ते पुरून ठेवले, त्यालाच तेवढा दोष लागला. तिसरं सर्वांत चटका लावणारं. शेवटी राजा येतो आणि सांगतो की भुकेल्याला, परक्याला, आजाऱ्याला, तुरुंगातल्याला तुम्ही जे केलंत ते मला केलंत. ऐकणारे गोंधळतात: आम्ही तुला कधी पाहिलं? म्हणजे ज्याची वाट पाहत होते तो दारावरून कितीदा येऊन गेला होता.

अशी आशा अफू ठरते, हा आरोप मार्क्सच्या १८४४ साली छापलेल्या वाक्यापासून सर्वांना पाठ आहे. कधी कधी तो खराही ठरला आहे. वरच्या जगाची आशा दाखवून खालच्या जगातला अन्याय सोसायला सांगितलं गेलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. युर्गेन मोल्टमान हा जर्मन मुलगा १९४३ च्या हॅम्बुर्गवरील बॉम्बवर्षावात वाचला, शेजारी उभा मित्र मात्र गेला. १९४५ मध्ये तो ब्रिटिशांचा युद्धकैदी झाला. छावणीत त्याच्या हातात बायबल पडलं. विलापाची स्तोत्रं आणि वधस्तंभावरची येशूची किंकाळी वाचताना आपल्याला समजणारं कुणीतरी आहे, असं त्याला वाटलं. पुढे १९६४ मध्ये त्याने मांडलेला विचार थोडक्यात असा: ख्रिस्ती आशा माणसाला निवांत करत नाही, अस्वस्थ करते. ज्याला वेगळं जग वचन म्हणून मिळालं आहे, त्याला आहे त्या जगाशी जुळवून घेता येत नाही.

डीट्रिख बोनहोफर या पाळकाने नाझी तुरुंगातून १९४३ च्या नोव्हेंबरात लिहिलेल्या एका पत्रात आगमनकाळाला कोठडीची उपमा दिली. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे हा काळ. कोठडीत माणूस वाट पाहतो, आशा करतो, हे-ते करतो, आणि दार मात्र बाहेरूनच उघडावं लागतं. ९ एप्रिल १९४५ ला त्याला फाशी दिली. दार त्याच्यासाठी उघडलं की नाही, याचं उत्तर तुम्ही कुठे उभे राहून विचारता त्यावर ठरेल.

मघाशी ज्याचा मुलगा गेला त्या बापाचं बोलणं अर्धवट सोडलं होतं. पेत्राच्या नावाच्या दुसऱ्या पत्रात 'कुठे आहे त्याच्या येण्याचं वचन?' असं हिणवणाऱ्यांना उत्तर आहे: प्रभूला एक दिवस हजार वर्षांसारखा आणि हजार वर्षं एका दिवसासारखी. त्याचा उशीर म्हणजे सर्वांना पश्चात्तापाची संधी मिळावी म्हणून धरलेला धीर. उत्तर चांगलं आहे. पण दुखणाऱ्या माणसाला एक रात्रच हजार वर्षांची असते, आणि बायबलला ते ठाऊक आहे. म्हणून त्यात 'किती काळ, हे परमेश्वरा?' हा प्रश्न पुसून टाकलेला नाही. तो स्तोत्रांत आहे आणि अगदी प्रकटीकरणात वेदीखालच्या हुतात्म्यांच्या तोंडीही आहे. रोमकरांस पत्रात सारी सृष्टी बाळंतवेणांनी कण्हते, विश्वासणारेही कण्हतात. तग धरणं म्हणजे ओठ घट्ट मिटून हसणं, असं कुठेच लिहिलेलं नाही. कण्हणं आशेच्या विरुद्ध जात नाही. ज्याने आशा सोडली तो कण्हायचंही थांबतो.

पहिल्या मंडळीची एक प्रार्थना ग्रीक पत्रांतही भाषांतर न होता तशीच टिकली: 'माराना था'. ही अरामी, येशूच्या घरची भाषा. करिंथच्या ग्रीक बोलणाऱ्या माणसांना पौल ती न समजावता लिहितो, म्हणजे ती त्यांच्या ओठांवर असणार. अक्षरं कुठे तोडायची यावर अर्थ ठरतो. एका तऱ्हेने 'आमचा प्रभू आला आहे', दुसऱ्या तऱ्हेने 'आमच्या प्रभू, ये'. प्रकटीकरणाच्या शेवटून दुसऱ्या ओळीत ती हाक ग्रीकमध्ये आहे: ये, प्रभू येशू.

आणि तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र. पौलाच्या नावावरचं, तुरुंगातलं. ख्रिस्ताचं प्रकट होणं ज्यांना प्रिय आहे त्या सर्वांसाठी मुगुट ठेवला आहे, असं त्यात लिहिलं आहे. पाचच ओळींनंतर निरोप आहे: त्रोवसात कार्पाकडे राहिलेला माझा झगा येताना घेऊन ये, पुस्तकंही आण, विशेषतः चर्मपत्रं. आणि अखेरीस, होईल तितकं करून हिवाळ्यापूर्वी ये.